सात नंबरची सायकल आणि दुकानाचं नाव

उस्ताद, परवा तुमची नात ऑफिसात आली होती. दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी बॅटरीच्या सायकली भाड्यानं द्यायचं दुकान काढतेय. पाटीवर तुमच्याच दुकानाचं नाव रंगवून झालंय, पण वेबसाइटला ते मिळेना; पंधरा वर्षांपासून त्या नावावर माझ्या टॅक्स्या बुक होतात. "काका, नाव आजोबांचं आहे." मी म्हटलं, "पोरी, दरवर्षी फी मी भरतो." "म्हणजे भाडेकरूच की! मालक कुठं झालात?" मला हसू आलं. बोलणं अगदी तुमचं. खरं तर या भाड्यावरून मी कायम कुरकुरत आलोय. जमीन घेतली की सातबाऱ्यावर नाव चढतं, मग इंटरनेटवरचं नाव कायमचं विकत का मिळू नये? एकदा भरायचं चुकलं की कुणीही उचलणार, हा कुठला न्याय?

मग तुमचं हर्सूलचं भाड्याच्या सायकलींचं दुकान आठवलं. मी पंक्चर काढतोय. एक कारकून रोज सात नंबरचीच सायकल नेतात, तिला स्वतःची घंटीसुद्धा लावलीय. एका सकाळी त्यांना पाच मिनिटं उशीर होतो आणि मी सात नंबर दुसऱ्याला देऊन टाकतो. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर झापलंत, "व्हय, रोज नेतेत म्हणून सायकल त्यांची झाली नाय. पर ते नेतेत तोवर दुसऱ्याची बी नाय!" तेव्हापासून नेहमीच्या माणसाची सायकल अर्धा तास राखायची, असा रिवाज पडला. त्यांची बदली झाली तेव्हा घंटी सोडवून तुम्ही त्यांच्या हातात दिलीत, आणि सायकल त्याच दिवशी दुसऱ्याला. कायद्याचं पुस्तक न उघडता हे कुठून काढलंत, देव जाणे.

आता पटतं. नावं कायमची विकली असती तर आधी आलेल्यांनी सगळी कुंपणात घातली असती, माझ्यासारखा मागून आलेला बाहेरच राहिला असता. पण मी तर ते नाव रोज वापरतोय. तुमच्याच नियमानं ते माझ्याकडे राहायला हवं. दोन दिवस यावरच अडलो. मग कळलं, मी सायकलीचाच हिशेब करत होतो, घंटीचा नाही. त्या नावावरचा लोकांचा भरवसा तुमचा होता, आणि मी तो न विचारता लावून फिरत होतो.

काल डॉट कॉम तिच्या खात्यात करून दिलं. "काका, मन लई मोठं तुमचं," ती म्हणाली. मी ऐकून घेतलं. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहितो: त्याच नावाचं डॉट इन अजून माझ्याकडे आहे. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.