पंचमीचा मुराळी

बोथा जंगल चौकी,
१२ जुलै १९६४

ती. उत्तमदादास,
धाकट्या आशाचा साष्टांग नमस्कार. मायला दंडवत.

आम्ही सुखरूप. चौकी रानात असली तरी जागा फार देखणी. पाऊस लागल्यापासून मागच्या दरीत धबधबा पडतो आहे. रोज कामं आटोपली की सागातल्या पायवाटेने मी तिकडे जाते. तुषारांनी लुगडं ओलं होतं. मोर तर कोंबड्यांसारखे फिरतात. तुझ्या अमडापुरात आहे का असलं काही? यांची फिरती चालूच असते.

पंचमी जवळ आली. गावातल्या साऱ्या लेकी येतील ना? तुमची माझ्यावर माया आहेच, ती चिठ्ठीतूनही येऊ दे.

तुझी आशा


अमडापूर,
२४ जुलै १९६४

चि. सौ. आशास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं, निम्मी आळी ऐकायला होती. वहिनी म्हणते, आशाबाईंची तर रोजच पंचमी. इथे निंदणाला बाया मिळेनात, बैलाच्या खुराला जखम झाली. तू रमली नसतीस, तर कसंही करून मुराळी म्हणून तुला न्यायला आलो असतो. पण एवढं रान-पाणी सोडून इथे चिखल तुडवायला कशाला येतेस? दिवाळीला नक्की नेईन. माय मात्र गप्प आहे. पोरांसाठी मोरपिसं जमवून ठेव.

जावईबापू हिंमतरावांना रामराम. खुशाली कळवत राहा.

उत्तम


बोथा जंगल चौकी,
३ ऑगस्ट १९६४

ती. दादास नमस्कार.

लेकीने मुराळी मागून घ्यायचा नसतो, हे मायनेच शिकवलं. म्हणून नुसतं कौतुक लिहिलं, आणि तू ते धरून बसलास. राग आला मला.

कौतुक खोटं नाही. पण मी तिकडे देखाव्यासाठी जात नाही. हे फिरतीवर गेले की कित्येक दिवस परतत नाहीत. चौकीत एवढं सामसूम असतं, की पान वाजलं तरी कुणी हाक मारली असं वाटून मी दारात जाते. कुणी नसतं. धबधब्यापाशी मात्र हाक आली तरी ऐकू येणार नाही, म्हणून तिथे मी कुणाची वाट पाहत नाही. तेवढ्यासाठी जाते.

परवा जांभळीला झोका बांधला. झोका द्यायला कुणी नाही. पायानेच माती रेटत राहिले आणि रडू आलं. दादा, मला फार एकटं वाटतं. लाज सोडून लिहिते, मला न्यायला ये.

आशा


अमडापूर,
१४ ऑगस्ट १९६४

चि. आशास आशीर्वाद.

नाल्याला पूर होता, टपाल अडकलं. तुझं पत्र पंचमी उलटल्यावर हाती आलं. या वेळी ओसरीवर वाचलं नाही, मायजवळ बसून हळूच वाचलं. ती म्हणाली, मले पहिल्याच चिठ्ठीत समजलं होतं. साऱ्या चिठ्ठीत पाणी हाये, मोर हाये, सोबतीले माणूस काऊन नाही?

पंचमी गेली तर जाऊ दे. मंगळवारी निघतो, खामगावच्या मोटारीने फाट्यावर उतरेन. त्या दिवशी धबधब्यावर जाऊ नकोस. गेलीसच, तर मी तिथवर येईन. हाक ऐकू येणार नाही, म्हणून पाठीवर हात ठेवीन. दचकू नकोस.

तुझा दादा