गोकर्णाचं पाणी

प्रिय अक्का,

काल पारोळ्याहून एक बाई आली होती. ती जे सांगून गेली ते दुसऱ्या कुणाला सांगितलं, तर मला दवाखान्यात नेतील. म्हणून तुलाच लिहिते आहे.

तू माझी आत्या, पण अख्ख्या सोनगीरची अक्का. नरडाण्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आणि मी तुझ्याकडे राहायला आले. पहिल्याच सकाळी तू मला परसात उकिडवं बसवलंस आणि माझे हात मातीत दाबलेस. वरची माती गार, आतली कोमट! मग झेंडूचं पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलंस. त्या दिवशी कारखान्यातल्या उग्र दर्पातही माझ्या बोटांना तोच वास येत राहिला.

तुझं फुलांचं पाणीही तेव्हाच पाहिलं. दिवस उगवताना गोकर्णाची निळी फुलं खुडायची, तीही बोट न लावता, पानात धरून. काचेच्या वाडग्यात विहिरीचं पाणी, त्यावर फुलं, आणि वाडगा उन्हात. ऊन चढलं की गाळून बाटल्यांत. कुणाची झोप उडालेली, कुणाच्या माहेरचं माणूस गेलेलं, अशा बायका यायच्या. तू चमचाभर पाणी द्यायचीस आणि तिच्याजवळ बसून राहायचीस.

मला ते पटेना. मी एक बाटली गुपचूप प्रयोगशाळेत नेऊन तपासली. परत आले तेव्हा ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच म्हणाले, "अक्का, हे नुसतं पाणी आहे. कशाला लोकांना फसवतेस?"

तुला आत बोलावून सांगता आलं नसतं का मला?

तू उठलीस. वाडगा वेलाच्या बुंध्याशी रिता केलास, पुसलास आणि कपाटात ठेवून दिलास. पुन्हा काढला नाहीस. बायका येईनाशा झाल्या. चार महिन्यांनी एका सकाळी, वाफ्यांना पाणी देता देताच तू गेलीस.

तेराव्यानंतर मी तो वेल मुळासकट उपटला. ती निळी फुलं मला बघवत नव्हती. परसाच्या दाराला कुलूप घातलं. तुला राग आला का गं? कारण त्यानंतर मी कामावरून यायचे, तर वाफे भिजलेले असायचे. पाण्याची नळी मात्र कोरडी. शेजारच्या आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "कुलूप तू लावतेस, किल्ली तुझ्याकडे, मी कुठून येणार?"

आणि मग काल ही बाई. चाळिशीची असेल, हातात रिकामी बाटली. आई गेल्यापासून तिला झोप नव्हती. कुणीतरी तुझं नाव सांगितलं म्हणून सोमवारी आली होती. परसाचं दार उघडंच होतं म्हणाली. अक्का वाफ्यात बसल्या होत्या, हात मातीनं भरलेले. त्यांनी पाणी दिलं, जवळ बसवून घेतलं. घरी गेल्यावर तिला गाढ झोप लागली. आता बाटली परत करायला आली होती.

अक्का, सोमवारी तुला जाऊन दोन महिने झाले होते.

बाटलीच्या तळाशी एक पाकळी चिकटलेली होती. गोकर्णाची. ताजी, निळीशार. मी बाटली हुंगली. नुकत्याच भिजलेल्या मातीचा वास आला.

त्या काही बोलल्या का, असं मी विचारलं. ती जरा ओशाळली. "बोलल्या ना. म्हणे, 'कोनले सांगू नको. मनी भाची रागे भरी.'"

मनी भाची. तुझी भाची, म्हणजे मी. ती माझ्या खांद्यावरून आत डोकावत होती. अक्का घरी नाहीत का, तिनं विचारलं.

"बाहेर गेल्यात," मी म्हणाले. बोलताना ते मला खोटं वाटलं नाही.

आज रजा टाकली आहे. आबांच्या कुंपणावरून गोकर्णाच्या वाळक्या शेंगा आणल्या आणि जिथून वेल उपटला तिथेच बी पेरलं. फुलं येतील तेव्हा उन्हात पाणी ठेवीन. जी येईल तिच्याजवळ बसेन, घाई करणार नाही. हे तुला वचन.

परसाचं कुलूप काढलंय. मी कामावर जायची वाट बघू नकोस, अक्का. मी घरात असताना ये.

तुझी भाची,
शैला