परत दिलेला फॉर्म

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. प्रशिक्षणाच्या गावी सुखरूप पोचलो. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळतं, तेव्हा काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या संस्थेतले लोखंड कातायचे जुने लेथ जाणार आणि संगणकावर चालणारी यंत्रं येणार, हे तुला माहीतच आहे. ती चालवायला इथे शिकलो नाही, तर तुझा हा वीस वर्षांचा मास्तर स्टोअरच्या किल्ल्या सांभाळत बसणार.

पण पहिल्याच दिवशी मी हादरलो गं. शिकवायला एक बाई आल्या. माझ्यापुढे थांबून म्हणाल्या, "सर, ओळखलंत? चौदा वर्षांपूर्वी लेथवरच्या टर्नरच्या कोर्सला प्रवेश घ्यायला तुमच्याकडे आले होते. 'पोरी, हे लोखंडाचं काम, तू शिवणकामाला जा,' म्हणत तुम्ही फॉर्म परत दिलात."

मला तो दिवस आठवेना, त्या मुलीचा चेहराही आठवेना.

यंत्रापुढे उभा राहिलो, पण बटण दाबायचं धाडस होईना. बाई शेजारी येऊन म्हणाल्या, "बटणाला घाबरू नका. चुकलं तर यंत्र थांबतं, अंगावर ओरडत नाही." चार वेळा न कंटाळता दाखवलं त्यांनी. पाचव्यांदा जमलं.

तरी एकच विचार डोक्यातून जात नाही. अशा किती जणींना मी परत पाठवलं असेल?

आणि ताई, बाबा मला त्यांच्या लेथवर शिकवायचे, तेव्हा तू दारात उभी राहून बघायचीस. तुलाही शिकायचं होतं का? खरं सांग.

तुझाच,
भाऊ