उपसेनापतीच्या कानात झालेलं बंड

तीर्थस्वरूप एदुविहेस मावशीस,

ज्याचं नाव सध्या घरात कुणी काढत नाही त्या तुझ्या भाच्याचा, नाबोरचा, कमरेत वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? अत्लिस्कोत थंडी पडली असेल, तेव्हा टेकडीवरच्या देवळात चढून जाऊ नकोस. संतमंडळी खाली येऊनही भेटतात (आईचं मत वेगळं आहे). मी ठणठणीत. मंगळवारी नोकरीवरून काढलं, तेवढं सोडलं तर.

तू विचारशील, इंजिनिअरिंग अर्धं टाकून हा मेक्सिको शहरात करतो तरी काय? मावशी, रोज संध्याकाळी सातला तू जी अंतराळयानाची मालिका बघतेस ना, तिच्यातलं प्रत्येक वाक्य आधी मी बोलतो. आमचे नट पाठांतर करत नाहीत. त्यांच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र असतं, मी काचेच्या खोलीत बसून एकेकाचं बटण दाबून वाक्य पुटपुटतो आणि ते मोठ्यानं म्हणतात. उपसेनापतीचं काम करणारे डॉन फुल्हेन्सियो तर कानात पडेल ते म्हणतात. गेल्या महिन्यात बटण बंद करायचं राहिलं आणि मी उपाहारगृहाला जेवण सांगितलं, तर त्यांनी मूठ उगारून साऱ्या आकाशगंगेला बजावलं, "दोन तोर्ता, मिरची कमी!" (तो गुप्त संकेत असणार, असं तूच फोनवर म्हणाली होतीस.)

आता सितलाली. यानावरच्या लेफ्टनंटचं काम करणारी. तोंडाला चांदीचा रंग फासून ती मक्याच्या पिठाचे तमाल खायला बसते तेव्हा माझी भूक मरते, यापलीकडे काय सांगू? सात महिने तिच्या कानात बोलतोय, पण त्यात माझं म्हणून एक वाक्य नाही. मंगळवारी सकाळी कागद आले (गोष्ट फुटू नये म्हणून ते फक्त माझ्याकडे येतात). वाचतो तर काय, उपसेनापती लोकमंडळ बरखास्त करून यान ताब्यात घेतो, लेफ्टनंट फितूर होऊन म्हाताऱ्या सेनापतीला गोळी घालते आणि पुढच्याच पानावर स्वतः मरते. म्हणजे बुधवारपासून तिला काम नाही आणि मला सितलाली नाही.

माझं डोकं फिरलं (ते वडिलांवर गेलंय). आमच्याकडे प्रसंग सलग चित्रित होतो आणि त्याच संध्याकाळी दाखवतात, थांबून दुरुस्ती करायला सवड नसते. मी कागद बाजूला सारला, तिचं बटण दाबलं आणि निष्ठेवर असं भाषण सांगितलं की दगडाला पाझर फुटावा. तिनं किरणांची बंदूक (आतून ते केस वाळवायचं यंत्र आहे) खाली टाकली, सेनापतीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आधी मला मारा." माझी अकरा वाक्यं तिनं तीन शब्दांत बसवली, याला म्हणतात प्रतिभा! मग डॉन फुल्हेन्सियोंच्या कानात मी म्हणालो, "माझं चुकलं. मंडळाला परत बोलवा, मला कोठडीत टाका." त्यांनी ते इतक्या कळवळून म्हटलं की शिपायांनी त्यांना खरंच नेऊन कोंडलं.

निर्मात्या डोन्या ओब्दुलिया तरातरा माझ्या खोलीत आल्या. "काय रे शहाण्या, तुला कुणी राज्य दिलं?"

"बाईसाहेब, लोकमंडळ असं मोडू देणार नाही मी!"

"मंडळ पुठ्ठ्याचं आहे, गाढवा. नीघ!"

पण दाखवायला दुसरं काहीच नव्हतं, तेच दाखवलं. आता सोमवारी ठरणार आहे, की बंड मोडलेलंच राहू द्यायचं, की ते सेनापतीचं स्वप्न होतं म्हणून लेफ्टनंटला नव्यानं मारायचं. मला आशा आहे, मावशी. काल बाजारात भाजीसाठी निवडुंग सोलणारी बाई शेजारणीला सांगत होती, "बरी हो पोरगी, बधली नाही मेली!" लोकांना निष्ठा कळते.

तुझाच,
नाबोर

ता. क. रविवारी प्रार्थना संपली की तुझ्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन वाहिनीला फोन लाव. लेफ्टनंट जगली पाहिजे, एवढंच सांगा. थोडं रडलात तरी चालेल. डोन्या ओब्दुलिया देवाला भीत नाहीत, पण अत्लिस्कोच्या बायकांना भितात.

आणखी ता. क. (दुसऱ्या हातचं अक्षर) मावशी, मी सितलाली. पाकीट चिकटवायचं विसरून यानं पत्र मलाच टपालात टाकायला दिलं. मंगळवारी माझ्या कानातलं यंत्र सकाळपासून बंद होतं, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. समोर तो बिचारा म्हातारा, माझ्या हातात बंदूक, सुचलं ते बोलले. तेव्हा बंडखोर तुमचा भाचा एकटाच. ती अकरा वाक्यं मात्र शनिवारी चापुल्तेपेकच्या बागेत त्याच्याकडून समोरासमोर ऐकणार आहे. फोन तेवढे नक्की करा.