गोल फिरणाऱ्या गाडीतून ओसाका

तीर्थरूप आईस धीरजचा वाकून नमस्कार,

मी खुशाल आहे, वेळेवर जेवतो. दोन दिवस आमचं हॉटेल बंद आहे, म्हणून तिथेच काम करणाऱ्या सारंगबरोबर ओसाका बघायला आलोय.

हरवेन अशी काळजी करू नकोस. इथली एक गाडी शहराभोवती गोल फिरते. काल खिडकीशी बसल्या बसल्या मला झोप लागली. जाग आली तेव्हा नदी, पूल, गच्च्यांवरचे कपडे, सगळं कोवळ्या उन्हात तरंगत होतं, आणि चढलो तेच स्टेशन पुन्हा समोर आलं. सारंग हसला, "प्रदक्षिणा घातलीस की रे!"

आज लॉजच्या आजींना मी सवयीनं मराठीतच "येतो" म्हणालो. त्या वाकून काहीतरी बोलल्या. सारंग म्हणाला, इथेही निघणारा "जाऊन येतो" म्हणतो आणि घरातले "जाऊन या" म्हणतात.

गुडघा कसा आहे? आपली शिवानी तेल लावून देते ना?

मालक अजून तीन वर्षं राहा म्हणतात. महिनाअखेरीस सांगायचंय. फोनवर तू "तुझं तू बघ" म्हणालीस, पण लगेच फोन शिवानीकडे दिलास. विमानतळावरही मी "येतो" म्हणालो, तेव्हा तू नुसता पदर तोंडाला लावलास.

तू नको म्हणालीस तर परत येईन. राहा म्हणालीस तर राहीन, पण आधी एकदा "जाऊन ये" म्हण.

तुझा,
धीरज