भरल्या पोटाची पिल्लं

४ मार्च

ती. ताईस,
टिटवीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बाळाचा फोटो मिळाला. नाक भाऊजींचं आहे, पण कपाळावरची आठी थेट तुझी. बाबांनी फोटो घड्याळ दुरुस्त करायच्या भिंगातून पाहिला आणि यंत्र उत्तम चालणार असं सर्टिफिकेट दिलं.

आता माझं रडगाणं ऐक. कोंबडीची पिल्लं आंबवलेलं खाद्य खात नाहीत. धान्याची भरड बरणीत भिजवली, पाणी दोन बोटं वर ठेवलं, झाकण सैल ठेवलं. बुडबुडे आले, आंबूस वास सुटला, मला वाटलं जिंकले. पसरट ताटलीत घालून ठेवलं तर सगळी गोळा झाली, वाकून पाहिलं आणि मागे सरली. त्यातल्या एकाला मी साहेब म्हणते. तो ताटलीत जाऊन उभा राहिला, पाय झाडले आणि फाइल परत पाठवल्यासारखा निघून गेला.

हसू नकोस. एवढी पिल्लं नुसत्या कोरड्या खाद्यावर वाढवणं मला झेपणारं नाही. आंबवलं की तेवढ्याच पोत्यात जास्त दिवस निघतात, सगळं गणित त्यावर आहे. शिवणाचा कारखाना बंद पडल्यापासून माझं स्वतःचं म्हणता येईल असं हे पहिलंच काम. शेजारच्या बेकरीवाल्या बाई अंडी घ्यायला तयार आहेत, पण आधी पिल्लं मोठी तर व्हायला हवीत. तुला दिलेला शब्द लक्षात आहे. महिनाअखेरपर्यंत नाही जमलं तर हे सगळं विकून बाळाला सांभाळायला तुझ्याकडे येईन. पण जमवून बघू दे. आईच्या वेळी कोंबड्या तूच बघायचीस, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकायची हौस या खेपेला भागवून घे आणि सविस्तर लिही.

भाऊजींना नमस्कार, बाळाला पापा. रागाव थोडं, लोभ मात्र सढळ हाताने कर.

तुझी
टिटवी

९ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझा साहेब वाचून भाऊजी इतके हसले की बाळ जागं झालं. मग दोघांनाही मीच थोपटलं.

घाबरू नकोस, पिल्लांची जात अशीच असते. ओलं काही दिसलं की त्यांना वाटतं आपल्याला कुणीतरी फसवतंय. ताटलीतल्या खाद्यावर कोरड्याची नुसती चिमूट भुरभुरव आणि बोटाने टकटक कर, कोंबडी चोच मारून दाखवते तसं. खाद्य थंडगार देऊ नकोस, पाणी निथळून दे. संध्याकाळी उरलेलं काढून टाक, नाहीतर बुरशी येईल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भूक. पिल्लं रात्रभर उपाशी असतात, तेव्हा सकाळी त्यांच्या चोचीत पहिलं हेच जायला हवं. त्याआधी कोरडा दाणा मिळाला की दिवस वाया गेला म्हणून समज.

पुढच्या महिन्यात मला प्रयोगशाळेत रुजू व्हायचंय. रजा वाढवून मागितली तर साहेबांनी (खऱ्या, बिनपंखांच्या) खिडकीबाहेर बघितलं. बाळाला परक्या बाईकडे ठेवायच्या विचाराने घास उतरत नाही. तुझी खोली तयार आहे, पडदेही लावलेत. बाबांना कोपऱ्यातली उजेडाची जागा ठेवली आहे. तुला जमलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस, एवढंच.

जिवाला जप, माझी आठवण काढत जा.

तुझी
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस त्यातलं अक्षर न् अक्षर केलं. चिमूट भुरभुरवली. टकटक करून बोटाचं नख दुखायला लागलं. रोज सकाळी स्वतः चहा घ्यायच्या आधी ताटली ठेवते. पिल्लं येतात, वरची चिमूट टिपतात आणि उन्हात जाऊन पंख पसरून पडतात. आठवडाभर हेच चाललंय. काल बरणी ओतून देताना मला रडूच आलं. तुझ्या हाताला यश आहे, आईच्या होतं, माझ्याच हाताला नाही असं वाटायला लागलंय. बाबा फार चांगले वागतात. चहा करून दिला आणि म्हणाले की जाऊ दे पोरी, ताईकडे सुखाने राहू.

आज बेकरीवाल्या बाई पिठाच्या हातांनीच आल्या. त्यांनी साहेबाला उचललं, गळ्याखाली दाबून पाहिलं आणि म्हणाल्या की याचं पोट तुडुंब आहे, हा कशाला खाईल. पिल्लाच्या गळ्याखाली दाण्याची पिशवी असते, ती उठल्या उठल्या सपाट लागायला हवी म्हणे. मला आधी रागच आला. आता वाटतंय, कुठे पोतं फुटलंय का, उंदराने दाणे सांडलेत का? उद्या उजाडायच्या आधीच खुराड्यात जाऊन बसते.

तू नसतीस तर हे सगळं कुणाला लिहिलं असतं कोण जाणे. तुझा हात डोक्यावर असाच राहू दे.

तुझी
टिटवी

१९ मार्च

चि. सौ. मोठीस,
अ. उ. आ.

खुशाली लिहीत नाही, कारण ती नाही.

तू कळवलंस त्याप्रमाणे मी रोज पहाटे खुराड्यात वाटीभर कोरडं खाद्य टाकत होतो. तू लिहिलंस की यात तिचंच भलं आहे, एकटी पोर किती दिवस कोंबड्यांमागे धावणार, आणि पिल्लंही उपाशी राहणार नाहीत. मला पटलं. खरं सांगायचं तर मलाही नातवाजवळ राहायचं होतं, म्हणून जरा जास्तच लवकर पटलं.

आज मी दार उघडून वाटी उपडी केली. पिल्लं पायात घुटमळायला लागली आणि मग मला टिटवी दिसली. पोत्यावर बसली होती. ओरडली नाही. एक पिल्लू उचलून गळ्याखाली चाचपलं, खाली ठेवलं आणि मला एवढंच विचारलं की का. मला खोटं सुचलं नाही. तुझं नाव सांगितलं. त्यावर ती म्हणाली की ताई असं करणार नाही, मी म्हातारपणी काहीतरी बरळतोय. मग मी तुझं पत्र आणून दाखवलं.

मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. जन्मभर लोकांची बंद घड्याळं चालू केली, आणि घरातलं चालतं यंत्र स्वतःच्या हाताने बंद पाडायला निघालो होतो. मला पुन्हा असलं काम सांगू नकोस. जे बोलायचं ते तिच्याशी बोल, आणि लवकर बोल.

बाळाला आशीर्वाद.

बाबा

२३ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

काय लिहू? चुकले. हे लिहायला चार कागद फाडले.

तरी माझी बाजू ऐकून घे. आई गेली तेव्हा मी शिक्षण सोडून घरी बसले. तुझ्या वेण्या घातल्या, तुझी आजारपणं काढली. त्याचा कधी हिशेब काढला नाही, आज काढतेय त्याची लाज वाटते. पण बाळाला मांडीवर घेऊन बसले की एकच डोळ्यांपुढे यायचं, की याला विश्वासाने सोपवावं असं जगात एकच माणूस आहे आणि ते कोंबड्यांत अडकलंय. वाटलं, आठ-पंधरा दिवसांत कंटाळेल, थोडं रडेल, मग येईल. तुझा जीव त्या पिल्लांत इतका गुंतला असेल हे कळलं नाही गं. सल्ला तरी मी तुला खोटा दिला नव्हता.

बाबांवर रागावू नकोस. शिव्या घाल, पण पत्र लिही. इतक्या वर्षांची माया एका चुकीने पुसून टाकू नकोस.

तुझीच
ताई

२९ मार्च

सौ. ताईस,
नमस्कार.

पिल्लं खायला लागली. बाबांची वाटी बंद झाली त्या दिवशी सकाळभर त्यांनी गोंधळ घातला. मी ताटली ठेवून बाजूला बसले. दुपारच्या आत एका लंगड्या पिल्लाने चोच बुडवली, मान झटकली, पुन्हा बुडवली. मग दुसरं आलं, मग झुंबड उडाली. साहेब सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात जास्त खाल्लं. आता बरणी दिसली तरी धावतात. बाबांनी ताटलीला लाकडी कड करून दिली, म्हणजे कुणी आत उभं राहणार नाही. त्यांच्याशी मी बोलायला लागले आहे. ते निदान समोर उभे राहून पकडले गेले.

तू लिहितेस की सल्ला खोटा नव्हता. तेच तर जास्त लागलंय. चुकीचं सांगितलं असतंस तर तुला येत नाही असं म्हणून सोडून दिलं असतं. तू बरोबर तेच सांगितलंस, भूक आणि पहाट, आणि बरोबर त्याच ठिकाणी बाबांना उभं केलंस. एका हाताने मला किल्ली दिलीस आणि दुसऱ्या हाताने आतून कडी लावलीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी तुला माझ्या हाताला यश नाही असं रडत लिहिलं, ते वाचतानाही तुला सगळं माहीत होतं. ताकास तूर लागू दिली नाहीस.

वेण्यांचं म्हणशील तर ते ऋण आहेच, मी नाकारत नाही. म्हणून एक गोष्ट तुला कळायला हवी. अठरा तारखेचं पत्र पेटीत टाकून येताना मी बेकरीवाल्या बाईंकडे गेले होते. पिल्लं खावोत न खावोत, बाळ चालायला लागेपर्यंत तुझ्याकडे राहायचं असं मी ठरवलं होतं, आणि तोवर पिल्लं सांभाळायला त्या हो म्हणाल्या होत्या. रात्री बॅग भरली. बाळासाठी शिवलेली दोन झबली सगळ्यात वर ठेवली. सकाळी खुराड्यात गेले ती फक्त उंदीर शोधायला, म्हणजे बाईंना त्रास नको.

झबली वेगळ्या पाकिटाने पाठवली आहेत. बॅग रिकामी केली.

टिटवी