माझा कान आणि बॉनेटखालची खडखड

रविवार, १ एप्रिल १९७३
आजपासून रोजनिशी. गाडी घेतली तेव्हाच ठरवलं होतं, पण तीन महिने गाडी पुसण्यातच गेले. सेकंडहँड असली म्हणून काय झालं? लकडगंजात आमच्या गल्लीत कारवाला नोकरदार मी एकटाच. आज सासऱ्यांना, बाबारावांना, शब्द दिला. २२ तारखेला रामटेकला धाकट्या साळीचं, गोपिकाचं, साक्षगंध. साखरपुड्याला नवरी माझ्या कारमधून जाईल. सासरे म्हणाले, यष्टी आहे ना जवाईबापू. मी नुसता हसलो.

बुधवार, ४ एप्रिल
शामलाशी कडाक्याचं भांडण. माझ्या गाडीच्या बॉनेटवर धोतर पसरून बायको मुंगवड्या वाळत घालून राहिली! म्हणे, पत्रा मस्त तपते जी, दोन दिवसांत वाळतात. शेजारच्या रुखमाबाईही आपल्या घेऊन हजर. उद्यापासून बंद. बंद म्हणजे बंद.

शुक्रवार, ६ एप्रिल
वड्यांची दुसरी खेप वाळली. संध्याकाळी गाडी बाहेर काढली. बॉनेटखालून खडखड. शामला म्हणते, गोविंदा मिस्त्रीले दाखवा. काहून? मला कान आहे. भजनात पेटीचा सूर जरा उतरला तरी मंडळात पहिले मला कळतं. निदान: फॅनबेल्ट.

शनिवार, ७ एप्रिल
नवा फॅनबेल्ट टाकला. खडखड कायम. म्हणजे फॅनबेल्ट नव्हताच. मला कालच शंका आली होती, लिहायचं राहिलं.

मंगळवार, १० एप्रिल, सकाळी ६.३०
स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला. एक्सपर्ट लोक असंच ऐकतात. टॅपेट! शंकाच नको.
१०.४५. मूठ लोखंडी होती. कान भाजला. ऑफिसला लेट.

रविवार, १५ एप्रिल
अख्खी दुपार इंजिन खोललं. टॅपेट सेट केले. पंख्याखाली मूठभर पिवळट, टणक खडे सापडले. पेट्रोलमधली भेसळ गोठली की असेच होत असणार. पुरावा म्हणून पुडी बांधून स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. गाडी जोडली. खडखड गायब! वा रे माझा कान! दोन नट उरले. एक्स्ट्रा देत असतील.

सोमवार, १६ एप्रिल
पुरावा गायब. शामला म्हणते, मले काय माहीत तुमचं? जेवायला मुंगवड्यांची भाजी. झकास झाली, पण ऑइलचा जरा वास. तेलाचं दुकान बदलायला सांगितलं.

शुक्रवार, २० एप्रिल
गोविंदा मिस्त्री भेटला. एकदा पाहून घेऊ का म्हणाला, तेही फुकटात. त्याला सांगितलं, सवड झाली की मीच येईन तुला शिकवायला. हसून राहिला. अडाणी माणूस.
गोपिका आली होती. पोर घाबरली आहे. मुहूर्त अकराचा आणि मुलाचे आजोबा वेळेचे भलते कडक. मागच्या एका स्थळाला मुलीकडचे पाऊण तास लेट झाले, तर हे पाटावरून उठून गेले होते! पोहोचू ना जी भाऊजी, असं तिने तीनदा विचारलं. पावणेअकरालाच पोहोचवीन म्हटलं.

रविवार, २२ एप्रिल, सकाळी ७.१०
निघालो. पुढे मी आणि सासरे, मागे सासूबाई, शामला, गोपिका. खडखड नाही.
८.०५. कामठी मागे पडली. कुठलाच आवाज नाही.
८.०७. खरंच कुठलाच आवाज नाही. गाडी बंद पडली. निदान: ऊन.
८.४०. सासरे फेटा सांभाळत ढकलून राहिले. नवरीही शालू खोचून उतरली. सासूबाई रामाचं नाव घेऊन राहिल्या.
९.२०. रामटेकची यष्टी आली. सगळे चढले. गोपिका पायरीवरून म्हणाली, भाऊजी, तुम्हीही चला ना जी. पण गाडी रस्त्यात टाकून कसा जाऊ?
११.००. बाभळीखाली बसलो आहे. आता तिच्या कपाळाला कुंकू लागलं असेल. की पोहोचलेच नसतील? वाईट वाटून राहिलं. खूप वाटून राहिलं. परवा गोविंदाला एकदा दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?
१.३०. गोविंदा सायकलवर हजर. शामलाने कालच त्याला सांगून ठेवलं होतं, दुपारी कामठी रोडने ये म्हणून. बॉनेट उघडून त्याने खिशातून दोन नट काढले, बसवले. गाडी चालू. ते नटही शामलानेच दिलेले. मी म्हटलं, मी हेच करणार होतो.

सायंकाळी ७.००
सगळे पेढे घेऊन परतले. साक्षगंध ठीक अकराला पार पडलं! आजोबा तर खूश. म्हणाले, मोटारीचा भपका नाही, यष्टीने वेळेवर आले, चांगली माणसं आहेत. गोपिकाने माझा पेढा वेगळा बांधून आणला. डोळे भरून आले.
लग्न १३ मे. सासऱ्यांनी पाठीवर हात ठेवून प्रेमाने सांगितलं, की वऱ्हाडाची बस ठरवली आहे आणि माझी सीट त्यांनी आत्ताच राखून ठेवली आहे. अगदी मागची. ड्रायव्हरपासून जितकी दूर मिळाली तितकी.
तिथून इंजिन काय कपाळ ऐकू येणार!